बागेतली झाडं गवत कापायच्या मशीनने मरतायत. महापालिकेच्या बागांची देखभाल नक्की कशी ठरते?

बकुळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज सविस्तर लिहितेच.

आमच्या सोसायटीसमोर महापालिकेची बाग आहे, साधारण एकराची. ले-आउट मंजूर होताना सोडाव्या लागणाऱ्या दहा टक्के मोकळ्या जागेतून झालेली, त्यामुळे आकार वेडावाकडा आणि एक टोक निमुळतं. पाच पावसाळ्यांपूर्वी त्या टोकाला आम्ही आठ-दहा घरांनी मिळून अकरा झाडं लावली. रोपं महापालिकेच्याच रोपवाटिकेतली, जागाही तिथल्या माळीकाकांनीच दाखवलेली. तीन बहावे, दोन ताम्हण, दोन करंज, दोन कांचन, एक कदंब आणि एक बकुळ. पहिले दोन उन्हाळे आम्ही पाळ्या लावून घरून बादल्या नेल्या. झाडं डोक्याच्या वर गेली तेव्हा वाटलं, आता जगली.

त्यातली चार आज नाहीत. दोन बहावे, एक ताम्हण, एक कांचन. सगळे म्हणाले पाणी कमी पडलं, वाळवी लागली. मीही तेच समजत होते.

गेल्या महिन्यात वाळलेल्या ताम्हणापाशी खाली बसले आणि बुंध्याजवळचं गवत हाताने बाजूला केलं. जमिनीपासून चार बोटांवर सालच नव्हती. हातात पाटली असावी तसा सगळीकडून गोल पट्टा गेलेला, आतलं लाकूड उघडं पडून करडं झालेलं. पट्ट्याच्या वरच्या कडेला साल सुजून जाड झाली होती. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. वाट तुटली म्हणून ते तिथेच अडकलं होतं आणि खाली मुळं उपाशी मेली. हे व्हायला कित्येक महिने लागतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

ही जखम गवत कापायच्या मशीनची आहे, ज्याच्या टोकाला नायलॉनची दोरी गरगर फिरते. बुंध्याला चिकटून गवत साफ करताना ती दोरी कोवळी साल सोलत जाते. उरलेली सातही झाडं मग मी तपासली. पाच जखमी आहेत. कदंबाची साल निम्म्याहून जास्त गेली आहे.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. जोडपत्र 'अ' आणि दहा रुपयांचा स्टॅम्प, एवढंच लागतं. बागेच्या देखभालीच्या निविदेचं पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामांची आणि त्यांच्या दरांची यादी, मिळालं. त्यात हिरवळ कापणे आहे, महिन्यातून दोनदा, चौरस मीटरच्या दराने. कुंपणाची छाटणी आहे, रनिंग मीटरने. झाडलोट, पाणी देणे, कचरा उचलणे, सगळं आहे. बागेतल्या झाडांसाठी मात्र एकही बाब नाही. आळं करणं नाही, खुरपणी नाही, खत नाही, काठीचा आधार नाही.

म्हणजे ठेकेदाराला गवत कापल्याचे पैसे मिळतात, झाड जगल्याचे मिळत नाहीत. हे असंच सगळीकडे असतं का? आणि निविदेत काय लिहिलं की झाडं वाचतील? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

खुरपं

बकुळीताई, मी एका महापालिकेच्या उद्यान विभागातून निवृत्त झालो. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून लिहितोय.

रचना साधारण सगळीकडे सारखी असते. वर उद्यान अधीक्षक, त्यांच्या हाताखाली सहायक, मग उद्यान निरीक्षक, आणि प्रत्यक्ष बागेत मुकादम, माळी, बिगारी. पण बागेतली सगळी कामं उद्यान विभागाकडे नसतात. भिंत, पायवाट, कारंजं स्थापत्यकडे. दिवे विद्युत विभागाकडे. पाण्याची लाइन पाणीपुरवठ्याकडे. रखवालदार सुरक्षेच्या वेगळ्या ठेक्यातला. एका बागेत पाच खाती काम करतात आणि झाड कुठल्याच खात्याच्या वहीत पूर्ण बसत नाही.

मी लागलो तेव्हा एकराच्या बागेला तीन कायम माळी होते आणि त्यातला एक तिथेच खोलीत राहायचा. त्याला प्रत्येक झाड माहीत असायचं. कुठल्या आंब्यावर भिरूड (खोड पोखरणारी कीड) आहे, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, हे त्याला विचारावं लागत नसे. माळी निवृत्त होत गेले, त्या जागा भरल्या नाहीत, ठेका आला. ठेक्यात माणसं वर्षभरात चारदा बदलतात. झालेलं काम मोजून ज्यात लिहितात त्या मोजमाप पुस्तकात चौरस मीटर लिहिता येतात, माळ्याच्या डोक्यातलं लिहिता येत नाही.

आता कामाचं. कदंब वाचू शकतो. साल पूर्ण गोल गेली नसेल तर झाड जखम भरून काढतं, आपण बुरशी रोखायची. बोर्डो पेस्ट करा: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. तुम्हाला एवढी लागणार नाही, शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुरे. मोरचूद अर्ध्या पाण्यात आणि चुना अर्ध्या पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडाचं नको. जखमेवरची सुटलेली साल धारदार चाकूने कडेने साफ करा आणि ब्रशने लावा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

आणि आजच्या आज बुंध्याभोवती दीड फूट गवत हाताने काढून टाका. गवतच नसेल तर मशीन तिथे येणार नाही.

जलवेडा

महत्त्वाचा धागा. मी पाण्याच्या बाजूने भर घालतो, कारण हिरवळीचा हिशेब कोणी मांडत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी धरतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एकराचे साधारण चार हजार चौरस मीटर होतात. म्हणजे रोज वीस हजार लिटर, दहा हजारी टँकरच्या दोन खेपा. मार्च ते मे या ९२ दिवसांत अठरा लाख चाळीस हजार लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा मापदंड आहे, त्या हिशेबाने एक एकर लॉन रोज जवळजवळ दीडशे माणसांचं पाणी पितं.

तेच पाणी झाडांना दिलं तर? तीन-चार वर्षांच्या झाडाला आठवड्यातून दोनदा चाळीस लिटर भरपूर झाले. मग त्याची सावली पडते, जमीन थंड राहते आणि पुढे ते आपलं आपण जगतं. लॉन कधीच आपलं आपण जगत नाही.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातलं पाणी बागांना देता येतं आणि काही ठिकाणी ते देतातही. पण त्यासाठी वेगळी लाइन टाकावी लागते, नाहीतर टँकरचं डिझेल सुरूच राहतं. माझं म्हणणं, लहान मुलं खेळतात तेवढाच तुकडा लॉनचा ठेवा, बाकी झाडं आणि देशी गवत.

सायली_प

@जलवेडा, हिशेब पटला, पण एक सांगू? माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे पेव्हर ब्लॉकवर चालता येत नाही, ते रोज सकाळी लॉनवर अनवाणी चालतात. दिवसभरात तेवढंच त्यांचं बाहेर पडणं होतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय. तिथली हिरवळ बघायला आम्ही मुद्दाम गाडी काढून जातो. लॉन म्हणजे फक्त उधळपट्टी असं नका म्हणू. ज्यांना दुसरीकडे मऊ जमीन मिळत नाही त्यांच्यासाठी ती गरज आहे.

जलवेडा

@सायली_प, खरंय, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग मुलांच्या तुकड्याबरोबर चालण्यासाठी लॉनची एक पट्टीही धरू.

काळा_कोट

कायद्याचं थोडं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्याखाली प्रत्येक महापालिकेत आणि नगरपरिषदेत वृक्ष प्राधिकरण असतं. लोकांना वाटतं ते फक्त तोडायची परवानगी द्यायला बसलंय. तसं नाही. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणं, रोपवाटिका चालवणं, झाडं लावणं आणि असलेली जपणं, ही सगळी त्याच प्राधिकरणाची कर्तव्यं आहेत. त्यासाठी वृक्ष उपकर घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. आपापलं घरपट्टीचं बिल काढून बघा, रकाना सापडेल.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं. असं झाड तोडायची वेळ आली तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं सांभाळायची. म्हणजे लावलेलं झाड सात वर्षं जपायचं असतं हे कायद्याला मान्य आहे. मग बागेतल्या पाच वर्षांच्या ताम्हणाला देखभालीच्या निविदेत जागा का नसावी? बकुळीताई, तुमच्या पत्रात हा मुद्दा जरूर घाला.

आणखी एक. राज्यात स्थानिक संस्थांच्या कार्यालयात सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहायला मिळावेत असा शासन निर्णय आहे. माहितीच्या अधिकाराच्या उत्तरासाठी तीस दिवस थांबायची गरज नाही. थेट जाऊन मागच्या ठेक्याचं मोजमाप पुस्तक मागा.

दादरकर

मुंबईत तर बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततात, साल सोलायला मशीनही लागत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश छापून मी आमच्या वॉर्डात दाखवला. आमच्या गल्लीत सहा झाडांभोवतीचे ब्लॉक निघाले. त्यातल्या एका पिंपळाची मुळं ब्लॉकच्या खाचांप्रमाणे चौकोनी वाढली होती. बघून पोटात कालवलं.

मुंबईत खेळाची मैदानं आणि मनोरंजनाची मैदानं विकास आराखड्यात आरक्षित असतात. ती खाजगी संस्थांना 'दत्तक' द्यायची की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण चाललंय. देखभाल फुकटात होते हे खरं, पण पुढे फाटकाला कुलूप लागतं आणि आत यायला सभासदत्व मागतात. राणीची बाग १८६२ पासून लोकांची आहे आणि अजून कोणीही आत जाऊ शकतं, कारण ती पालिकेकडे राहिली. देखभाल वाईट आहे म्हणून बाग कोणाच्या ताब्यात देऊ नका, देखभालच मागा.

तालुक्याचा_गडी

आमची नगरपरिषद लहान. केंद्राच्या अमृत योजनेतून मोठी कमान, कारंजं, रंगीत दिवे असलेली बाग झाली. उद्घाटनाला अख्खं गाव. दोन वर्षांत मोटर जळली, कारंज्याच्या हौदात डास, फाटकाला कुलूप. बाग बांधायला निधी आला, सांभाळायला नाही. माळ्याचं पदच मंजूर नव्हतं. सफाईच्या दोन बायका आलटून पालटून पाठवतात. एवढंच लिहितो, जास्त लिहिलं की राग येतो.

मेथी

मी वाचक आहे, सहसा लिहीत नाही. माझी आई नऊ वर्षं बागेच्या ठेक्यावर काम करते. ठेकेदार तीन वेळा बदलले, आई तीच.

तुमच्या धाग्यातलं मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मशीन मारणाऱ्या पोरांना झाडाचं वाईट वाटत नाही असं समजू नका. साहेब पाहणीला येतात तेव्हा लांबूनच बघतात. बुंध्याजवळ गवताचा झुपका राहिला तर 'काम अपुरं' असा शेरा मारतात आणि बिल कापतात. ठेकेदार तो पैसा पोरांच्या हजेरीतून काढतो. म्हणून ते दोरी अगदी सालीला भिडवतात. मशीनही भाड्याचं, दोनच दिवस मिळतं, त्यात तीन बागा उरकायच्या.

आईने एका करंजाला स्वतः घरून नेलेली जुनी चप्पल कापून बांधली आहे. रबराची पट्टी बुंध्याला खाली गोल, सुतळीने सैल. तो करंज चांगला उभा आहे.

बाकी तिचं एकच म्हणणं आहे. खुरपणीचे पैसे लिहा, बाया खुरपणी करतील. कोणीतरी लिहायला पाहिजे.

खुरपं

मेथी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तिने लाखाचं सांगितलं. साहेबाच्या शेऱ्याचा मुद्दा मी नोकरीत असून कधी असा पाहिला नव्हता, आणि ते शेरे मारणाऱ्यांत मीही होतो. सुतळी मात्र दर पावसाळ्याआधी सैल करायला सांग, बुंधा जाड झाला की ती रुतते.

थेम्सकाठ

लंडनहून लिहितेय. इथेही हीच रड आहे हे वाचून कदाचित आश्चर्य वाटेल. इंग्लंडमध्ये बागा राखणं हे कौन्सिलचं कायद्याने बंधनकारक काम नाही. त्यामुळे पैसे कमी पडले की पहिली कात्री बागांवर चालते. आमच्या भागातल्या बागेचे कायम माळी गेले, आता ठेकेदाराची गाडी येते, गवत कापते आणि जाते.

पण कोवळ्या झाडांसाठी दोन सवयी इथे रुळल्यात. एक म्हणजे नव्या झाडाभोवती मीटरभर गोलात गवत ठेवतच नाहीत, तिथे छाटलेल्या फांद्यांच्या चिपांचा चार बोटं थर घालतात. थर बुंध्याला टेकवायचा नाही, थोडी फट ठेवायची, नाहीतर साल कुजते. दुसरं म्हणजे बुंध्याच्या तळाशी प्लास्टिकचं छोटं कडं बसवतात, खास त्या दोरीच्या मशीनपासून वाचवायला. मेथीच्या आईने चपलेचं केलंय ना, अगदी तेच. इथे ते कारखान्यात बनवून विकतात.

आणि बऱ्याच बागांचा एक मित्रमंडळ गट असतो. मी आमच्या गटात आहे. आम्ही काम करतोच, पण आमचा खरा उपयोग असा की कौन्सिलच्या बैठकीत कोणीतरी दर वेळी तोच प्रश्न विचारणारं असतं.

करदाता_४७

सगळं वाचलं. पण मला हे पटत नाही की आपणच खुरपं घ्यायचं, आपणच पेस्ट लावायची. घरपट्टी भरतो, वृक्ष उपकर भरतो. मग हे काम आपलं कसं? आपण करत राहिलो तर महापालिका कायमची हात झटकेल.

बकुळी

@करदाता_४७, तुमचा राग मलाही आहे. पण कदंब या पावसाळ्यात वाचला नाही तर पुढची निविदा कितीही चांगली झाली तरी तो परत येणार नाही. म्हणून पेस्ट मी लावली. कालच. मोरचूद खताच्या दुकानात सहज मिळालं. खुरपंकाकांनी सांगितलं तसं केलं, ब्रश जुना होता म्हणून बोटांनी पसरावं लागलं. नखं अजून निळी आहेत. सातही झाडांभोवती गवत काढलं, खाली पालापाचोळा पसरला. तो इतके दिवस कोपऱ्यात ढीग करून जाळत होते. मुकादमांना विनंती केली, त्यांनी लगेच होकार दिला. त्यांनाही ढीग उचलायची गाडी वेळेवर मिळत नाही.

निविदेचं काम मात्र महापालिकेचंच आहे, आणि ते मी सोडणार नाही. उद्यान निरीक्षकांना भेटले. सभ्य माणूस. म्हणाले, नवीन पूर्वगणनपत्रक तयार होतंय, तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवतो. तेव्हा तुम्हा सगळ्यांच्या लिहिण्यातून हा मसुदा केलाय, दुरुस्त्या सुचवा:

प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती दीड फूट हाताने खुरपणी करून आळं करणे, वर्षातून चार वेळा, दर झाडामागे. पाच वर्षांखालच्या झाडाच्या बुंध्याला रबर किंवा पाइपचं कडं बसवणे आणि पावसाळ्याआधी सैल करणे. त्या दीड फुटात गवत कापण्याचं मशीन वापरायचं नाही, आणि तिथे गवत उरलं म्हणून बिल कापायचं नाही. पालापाचोळा बागेतच खड्ड्यात कुजवून आळ्यात घालणे. दर सहा महिन्यांनी झाडं मोजायची, ठेका सुरू होतानाची संख्या आणि आताची संख्या मोजमाप पुस्तकात लिहायची.

बिल न कापण्याचं वाक्य मेथीच्या आईमुळे आलंय. ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

काळा_कोट

मसुदा चांगला आहे. 'झाड मेल्यास कारण नोंदवणे व छायाचित्र जोडणे' एवढं वाढवा. आणि पत्राची एक प्रत वृक्ष प्राधिकरणाच्या नावे द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

खुरपं

खुरपणी चार वेळा लिहिलीत, त्यातल्या दोन पावसाळ्यात हव्यात असं स्पष्ट लिहा. नाहीतर चारही उन्हाळ्यात दाखवतील, जेव्हा गवतच नसतं. आणि आळं पावसाळ्यात मोडून मातीची भर द्यायची असते, नाहीतर पाणी साचून बुंधा कुजतो. पुन्हा आळं ऑक्टोबरमध्ये.

मेथी

आई विचारतेय, दर झाडामागे किती पैसे लिहिणार? तिच्या हिशेबाने एक बाई नीट काम केलं तर दिवसाला वीस-बावीस झाडांची खुरपणी करते. घाई केली तर तीस होतात, पण मग मुळं दुखावतात.

बकुळी

मेथी, हाच आकडा मला कुठे मिळत नव्हता. दिवसाला वीस धरून किमान वेतनावरून दर काढते आणि आईंना दाखवायला तुला पाठवते.

काळा_कोट आणि खुरपंकाकांच्या दुरुस्त्या घातल्या. सोमवारी दुपारी तीनला क्षेत्रीय कार्यालयात जाऊन मागच्या ठेक्याचं मोजमाप पुस्तक बघणार आणि पत्र देणार. खुरपंकाका येतायत. आणखी कोणाला यायचं असेल तर अडीच वाजता बागेच्या मागच्या फाटकापाशी भेटा, कदंब तिथेच आहे.